विश्लेषण : अंटार्क्टिकावर फक्त शास्त्रज्ञच जातात का? पोंभुर्ण्याच्या तरुणाने हे का वाचावे?

मे महिन्याच्या अखेरीस विदर्भात नवतपा लागतो. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी या पट्ट्यात दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि कूलरसमोरून उठायची कोणाची तयारी नसते. नेमक्या त्याच सुमारास भारताच्या एका वसाहतीत सूर्य उगवायचे थांबते. ती वसाहत म्हणजे अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ हा संशोधन तळ. तिथे पुढचे जवळपास दोन महिने सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. मागे राहिलेली पंचविसेक माणसे त्या काळात एकाच इमारतीत राहतात आणि विमान, जहाज, पाहुणा यांपैकी काहीही येत नाही.

या माणसांविषयी मराठी वाचकांच्या मनात एक चित्र पक्के आहे : लाल जाकीट, पेंग्विन, तिरंगा आणि डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञ. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्यात डिझेल मेकॅनिक, वेल्डर, डोझरचालक, आचारी आणि सुतार येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा या विषयाशी संबंध आहे तो याच दुसऱ्या अर्ध्यामुळे.

भारताचे ध्रुवीय तळ कोणते?

पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या जहाजाने निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण होते आणि मोहिमेबाबत कमालीची गुप्तता पाळली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकावर उतरले. १९८३-८४ मध्ये ‘दक्षिण गंगोत्री’ हा पहिला तळ बर्फाच्या पट्टीवर उभा राहिला आणि १२ जणांनी तिथे पहिला हिवाळा काढला. वर्षागणिक साचणाऱ्या बर्फाखाली तो तळ गाडला गेला आणि १९९० मध्ये वापरातून बाद झाला. त्यामुळे ‘मैत्री’ १९८९ मध्ये खडकावर, शिर्माकर ओअॅसिस या बर्फमुक्त टेकड्यांच्या भागात बांधली गेली. तिच्यापासून सुमारे ३ हजार किलोमीटर पूर्वेला लार्समन टेकड्यांमध्ये ‘भारती’ आहे. १३४ मालवाहू कंटेनर एकमेकांना जोडून त्यावर कवच चढवलेला हा तळ मार्च २०१२ मध्ये सुरू झाला. उत्तरेकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून आहे आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही भारतीय माणसे राहू लागली आहेत.

या साऱ्याचा कारभार चालतो तो दिल्लीतून नव्हे, तर गोव्यातील वास्को येथून. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची कचेरी तिथल्या हेडलँड सडा भागात आहे. मराठी माणसाला हे अंतर फार नाही.

मराठी माणसे तिथे पूर्वीपासून आहेत?

आहेत, आणि अगदी सुरुवातीपासून. १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत भारताच्या पहिल्या दोन महिला अंटार्क्टिकावर गेल्या. भूवैज्ञानिक सुदिप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. पंत यांचा जन्म नागपूरचा, घराणे औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींचे आणि पदवी पुणे विद्यापीठाची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांनी बराच काळ काम केले. विदर्भाच्या शाळांमध्ये त्यांचे नाव किती मुलींना सांगितले जाते, हा वेगळा प्रश्न आहे. नवी मुंबईजवळ पनवेलला असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था मैत्रीवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते. त्यामुळे तिथल्या तुकड्यांमध्ये मराठी बोलणारे अधूनमधून असतातच.

तिथे नेमके काम काय चालते?

बहुतांश काम कंटाळवाणे असते, आणि तेच त्याचे महत्त्व आहे. तापमान, वारा, हवेचा दाब, ओझोन, चुंबकीय क्षेत्र, भूकंपलहरी यांची रोज, ठरलेल्या वेळी, न चुकता नोंद. फुगा सोडायचा, आकडे उतरवायचे, उपकरणावरचा बर्फ खरवडायचा, उद्या पुन्हा तेच. ब्रिटनच्या हॅली तळावर १९५७ पासून ओझोनची अशीच नोंद होत होती. वर्षानुवर्षे त्या आकड्यांत बातमी नव्हती. १९८५ मध्ये फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी त्याच नोंदवह्यांवरून ओझोनच्या थराला पडलेले भगदाड जगापुढे मांडले आणि दोन वर्षांत माँट्रियल करार झाला. मधल्या पाचसात हिवाळ्यांत ‘काही विशेष नाही’ म्हणून नोंद थांबवली असती, तर घसरण कधी सुरू झाली हे कळलेच नसते.

भारतीवर आणखी एक काम चालते. भारताच्या दूरसंवेदन उपग्रहांची माहिती उतरवून घेणारे इस्रोचे भूस्थानक तिथे आहे. ध्रुवावरून फिरणारे उपग्रह त्या स्थानकाच्या डोक्यावरून दिवसात कितीतरी वेळा जातात. अशाच उपग्रहांवरून जंगलाच्या आच्छादनाचे नकाशे तयार होतात, ताडोब्याच्याही आणि पोंभुर्ण्याच्याही. इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये तिथे ४०३ दिवस काढले. वय ५६, आणि २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्या महिला.

गोंडवनाचा संबंध कुठे येतो?

हा भाग चंद्रपूरकरांना हक्काने सांगायला हवा. भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका एकेकाळी एकाच भूखंडात होते आणि त्या भूखंडाला जगभर गोंडवनाच म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये इथल्या खडकांसाठी गोंडांच्या प्रदेशावरून हे नाव वापरले आणि पुढे ते साऱ्या दक्षिणी महाखंडाला लागले. चंद्रपूर ही त्या गोंड राज्याची राजधानी.

त्याहून नवल म्हणजे चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे (धरणाचे इरई वेगळे). फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५ मध्ये तिथल्या चुनखडकावर गुळगुळीत घासलेला पृष्ठभाग आणि समांतर ओरखडे असल्याचे नोंदवले. वर दगडगोट्यांचा थर. हिमनदी सरकताना आपल्या बुडाशी अडकलेल्या दगडांनी जमीन जशी खरवडते, तशा या खुणा आहेत. वय साधारण ३० कोटी वर्षे. म्हणजे आज महाराष्ट्रातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत वर असणारा जिल्हा एकेकाळी हिमनदीखाली होता, आणि त्याचा पुरावा जिल्ह्याच्या हद्दीतच आहे.

पुढे हवा ऊबदार होत गेली, दलदलीची जंगले उगवली आणि त्यांचा कोळसा झाला. वर्धा खोऱ्यातल्या खाणींमध्ये निघतो तो हाच. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना थंडीने व उपासमारीने मेले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यात ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म होते. भारताच्या गोंडवनी कोळशाच्या थरांत सापडतात तीच पाने. अंटार्क्टिकातही कोळसा आहे, पण १९९१ च्या माद्रिद मसुद्याने तिथे खनिज काढायला बंदी घातली आहे. एकाच जंगलाच्या कोळशाचे दोन नशीब : तिथे हात लावायचा नाही आणि इथे घुग्घुस-बल्लारपूरच्या पट्ट्यात मातीचे डोंगर उभे राहिले आहेत. यावर स्वतंत्र लेख होईल, इथे एवढेच.

तळ चालतो कोणाच्या जिवावर?

जनरेटरच्या. आणि जनरेटर ज्याच्या हाताखाली असतो त्याच्या.

बाहेर उणे तीस अंश आणि ताशी दीडशे किलोमीटरचा वारा असताना वीज गेली, तर आधी दिवे जातात, मग उष्णता, मग पाणी. मैत्रीला पाणी मिळते ते जवळच्या प्रियदर्शिनी तलावातून. ते नळीतून येताना गोठू नये म्हणून नळी तापवत ठेवावी लागते. भारतीवर समुद्राचे पाणी गोडे करून वापरतात. दोन्हीला वीज हवी. इंधन जहाजाने वर्षातून एकदा येते. जहाज बर्फाच्या कडेला लागते आणि तिथून मैत्रीपर्यंतचे शंभरेक किलोमीटर अंतर साखळीच्या चाकांवर चालणाऱ्या पिस्टनबुली गाड्या आणि त्यांच्यामागे ओढल्या जाणाऱ्या स्लेज कापतात. वाटेत बर्फात झाकलेल्या भेगा असतात. हे चालकाचे काम आहे, प्राध्यापकाचे नव्हे.

आग ही तिथली सर्वांत मोठी भीती. हवा अतिशय कोरडी, वारा जोराचा, पाणी गोठलेले आणि पळून जायला जागा नाही. ब्राझीलच्या कोमांदांते फेराझ तळावर २५ फेब्रुवारी २०१२ रोजी यंत्रखोलीतून आग पसरली, दोन जण मृत्युमुखी पडले आणि तळाचा बहुतेक भाग जळाला. नवा तळ उभा राहायला २०२० उजाडले. त्यामुळे यंत्रखोलीत रात्रपाळीला जागणारा माणूस हा तळावरचा सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो, असे म्हणायला हरकत नाही. बातमीत त्याचे नाव मात्र कधी येत नाही.

म्हणूनच वास्कोचे केंद्र जवळपास दरवर्षी मोहिमेसाठी कंत्राटी पदे भरते. वाहन मेकॅनिक, जनरेटर मेकॅनिक व चालक, डोझर आणि उत्खनन यंत्रांचे चालक, क्रेनचालक, बॉयलरचालक, वेल्डर, प्लंबर, सुतार, वीजतंत्री, परिचारक, आचारी. ही यादी वाचून पोंभुर्ण्याच्या माणसाला काय आठवावे? वेकोलिच्या उघड्या खाणीतील डोझर, २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर महाऔष्णिक केंद्रातील बॉयलर, बल्लारपूरची कागद गिरणी, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. या दोन जिल्ह्यांतले आयटीआय झालेले शेकडो तरुण नेमकी हीच यंत्रे हाताळतात, तीही पंचेचाळीस अंशांत. हे कौशल्य अंटार्क्टिकात चालते. फक्त अनुभवाचा कागद आणि वेळेवर पोचलेली जाहिरात लागते.

थंडी सहन होणार नाही, हा आक्षेप लगेच येतो. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, ‘मिशन शौर्य’मधून. त्याआधी त्यांच्यापैकी कोणाचे बालपण बर्फात गेले नव्हते. प्रशिक्षण मिळाले, जमले. अंटार्क्टिकाच्या तुकडीलाही दिल्लीच्या एम्समध्ये शारीरिक व मानसिक तपासणी आणि उत्तराखंडमधील औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून बर्फातले प्रशिक्षण मिळते.

तिथे सर्वांत अवघड काय?

थंडी नव्हे. कपडे असतात, हीटर असतो. अवघड असतात ती माणसे : तीच चोवीस माणसे, तेच जेवणाचे टेबल, तोच विनोद, सलग दहा महिने. नव्या भाज्या संपतात, उन्हाळी तुकडी परत जाते आणि मार्चनंतर दार बंद होते. जर्मनीच्या नॉयमायर तळावर १४ महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूची तपासणी करणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मरणशक्तीशी निगडित अशा मेंदूच्या एका भागाचा आकार सरासरी सात टक्क्यांच्या आसपास घटल्याचे त्यात दिसले. नऊ माणसे ही छोटी संख्या आहे, पण एकसुरी परिसर आणि एकटेपणा शरीरावर उमटतो, एवढे तरी त्यातून कळते. मार्च २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या साने-४ तळावरून एका सदस्याने सहकाऱ्याच्या हिंसक वागण्याची तक्रार ईमेलने मायदेशी कळवली. तेव्हा तिथून कोणाला बाहेर काढणे सोपे नव्हते. भांडण मिटवायचे तर तिथेच.

त्यावर तळांनी काढलेले उपाय साधे आहेत. जेवण एकत्र. स्वयंपाकघरातील मदतीची पाळी सर्वांना, तिला ‘गॅली ड्यूटी’ म्हणतात, आणि ती तुकडीच्या प्रमुखालाही चुकत नाही. शास्त्रज्ञ भांडी घासतो. २१ जूनला, वर्षातल्या सर्वांत काळ्या दिवशी, सगळ्या देशांचे तळ एकमेकांना शुभेच्छा पाठवतात आणि मेजवानी करतात, कारण त्यानंतर सूर्य परतीच्या वाटेला लागतो. आपल्याकडच्या पोळ्यासारखे नाही, पण गरज तीच.

आणि आजारपण. मैत्रीपासून काही किलोमीटरवर रशियाचा नोवोलाझारेव्स्काया तळ आहे. ३० एप्रिल १९६१ रोजी तिथला एकमेव डॉक्टर, २७ वर्षांचा लिओनिद रोगोझोव्ह, याचे अपेंडिक्स सुजले. बाहेर वादळ, विमान अशक्य. त्याने स्वतःला स्थानिक भूल देऊन, अर्धवट आडवे होऊन, स्वतःचे पोट कापले आणि अपेंडिक्स काढले. पावणेदोन तास लागले. एक हवामानतज्ज्ञ त्याला अवजारे देत होता आणि आरसा धरला होता तळावरच्या मेकॅनिकने. पंधरा दिवसांत रोगोझोव्ह कामावर परतला.

गडचिरोलीच्या वाचकाला यात हेमलकसा आठवेल. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात गेले तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती. पुस्तकात वाचून शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. फरक एवढाच की रोगोझोव्हच्या मागे एक देश होता आणि त्याची परतीची बोट ठरलेली होती.

मग गडचिरोलीची बदली ‘शिक्षा’ का वाटते?

अंटार्क्टिका जगातील सर्वांत दुर्गम जागा आहे आणि तिथे जायला माणसे अर्ज करतात. गडचिरोलीतील दुर्गम तालुक्यात बदली झाली की माणसे ती रद्द करण्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात. मंत्रालयात कुणाला धमकावायचे तर ‘गडचिरोलीला पाठवू’ असे म्हणण्याची पद्धतच पडली आहे. यात त्या जिल्ह्याचा अपमान आहे, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पोंभुर्णा त्या मानाने जवळ, चंद्रपूरहून एसटीने जाता येते, पण वैनगंगेच्या अलीकडे असूनही ‘तिकडचे’ म्हणूनच ओळखले जाते.

पैशाचा प्रश्न म्हणावा तर नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी गेली अनेक वर्षे लागू आहे. तरी माणूस टिकत नाही. अंटार्क्टिकाची व्यवस्था पाहिली की काय कमी पडते हे दिसते, आणि ते धाडस नव्हे.

तिथे माणूस निवडून घेतात, ढकलून पाठवत नाहीत. जाण्याआधी मनाची तपासणी होते. परतीचा महिना जाण्याआधीच ठरलेला असतो आणि त्याच्या जागी येणारा माणूसही. कोणालाही एकट्याने ठेवत नाहीत. सुटा भाग तुटला तर तो मागवावा लागत नाही, कारण आधीच दोन नेलेले असतात. इथे प्राथमिक आरोग्य केंद्रात एकच डॉक्टर, त्याच्या जागी येणाऱ्याचा पत्ता नाही, जनरेटर आहे पण डिझेलचे बिल अडकलेले, आणि परतीची तारीख कोणाच्या ओळखीवर अवलंबून. असा माणूस पहिल्या दिवसापासून निघायच्या तयारीत बसतो. त्याला आळशी म्हणून भागत नाही.

हे सरकारी यंत्रणेला अजिबात ठाऊक नाही असेही नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, म्हणून पावसाळ्याआधी दुर्गम गावांत काही महिन्यांचे धान्य आगाऊ पोचवले जाते. हे अंटार्क्टिकाचेच तत्त्व : रस्ता बंद होण्याआधी कोठार भरा. बाळंतपणाआधी बाईला आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवणे हेही तेच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि न्यूमोनियाचे औषध द्यायला शिकवले आणि त्यातून बालमृत्यू घटल्याचा १९९९ चा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. जो हजर आहे त्यालाच शिकवा, हा तो विचार. रोगोझोव्हचा आरसा धरणारा मेकॅनिक आणि गडचिरोलीची आरोग्यदूत यांच्यात तसा फार फरक नाही.

म्हणजे अंटार्क्टिकाचे शहाणपण इथे तुकड्यातुकड्यांनी आहे. धान्यासाठी आहे, बाळंतिणीसाठी आहे. कर्मचाऱ्यासाठी नाही. भामरागड, एटापल्ली, जिवतीसाठी अठरा महिन्यांची ठरलेली मुदत, जोडीने नेमणूक, आधी महिनाभर स्थानिक माडिया-गोंडी बोलीचा सराव आणि परतीचा लेखी आदेश नेमणुकीसोबतच, एवढे केले तरी चित्र बदलेल. यात नवे बजेट फारसे लागत नाही. बदल्यांच्या बाजाराला मात्र यामुळे धक्का बसेल, आणि खरी अडचण तिथेच असावी.

या नोकऱ्यांत धोका काय?

कौतुकाच्या भरात हे झाकून ठेवू नये. पदे कंत्राटी असतात, एका मोहिमेपुरती. तेरा-चौदा महिने घर सोडायचे, आईवडील आजारी पडले तरी येता येत नाही, घरी कोणी गेले तर फोनवर ऐकायचे. परतल्यावर तीच नोकरी पुन्हा मिळेल याची हमी नाही. उणे तीस अंशांत यंत्र सांभाळल्याचा अनुभव घेऊन आलेला डिझेल मेकॅनिक पुन्हा एखाद्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर लागला, तर त्यात देशाचेही नुकसान आहे. खाणी, औष्णिक केंद्रे आणि रेल्वे यांनी हा अनुभव भरतीत मोजला पाहिजे. सैन्यातून निवृत्त झालेल्याला जागा राखीव असतात. ध्रुवावर हिवाळा काढलेल्या तंत्रज्ञाला निदान काही गुण तरी द्यायला काय हरकत आहे?

पुढे काय?

मे २०२४ मध्ये कोचीत अंटार्क्टिक करारातील देशांची ४६ वी सल्लागार बैठक झाली. मैत्रीच्या जागी ‘मैत्री-२’ उभारण्याचा मनोदय भारताने तिथे जाहीर केला. जुनी मैत्री मूळ आयुष्यमानाच्या कितीतरी पुढे चालवली गेली आहे. नवा तळ म्हणजे आणखी क्रेन, आणखी वेल्डिंग, आणखी वीजजोडण्या आणि त्या साऱ्यांसाठी माणसे.

जाहिराती केंद्राच्या संकेतस्थळावर येतात, मुलाखती बहुधा गोव्यात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये कंपन्यांचे भरती मेळावे होतात, त्यात या केंद्राचे एक टेबल असायला हरकत नाही. तोवर प्राचार्यांनी सूचना फलकावर एक कागद लावला तरी चालेल. त्यावर तीन गोष्टी हव्यात : कोणते पद, किती वर्षांचा अनुभव, अर्जाची शेवटची तारीख. आणि तो मराठीत असावा.